शाळेच्या माळावरचा जाळ

ओपलच्या मनात त्या दिवशी पाल चुकचुकली ती सकाळी सात वाजता, काउंटीच्या ऑफिसातली बाई फोनवर हसली तेव्हा.

"तुझ्या भावाचे आज दोन फोन झाले बघ," ती म्हणाली. "सहाला एक, साडेसहाला एक. दोन्ही वेळा तेच. शाळेचा माळ, सहाशेचाळीस एकर, दुपारी दोनला पेटवणार. मी म्हटलं, एल्डन, लिहून घेतलंय रे मघाशीच. तर मला विचारतो, कधी?"

"वय झालं आता त्याचं," ओपल म्हणाली आणि तीही हसली. मग तिनं फोन ठेवला.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. या दिवसांत फ्लिंट हिल्सच्या गवताळ टेकड्यांत रोज कुणा ना कुणाचं कुरण जळत असतं. जाळल्याशिवाय नवं गवत जोमानं येत नाही, आणि महिनाअखेर टेक्सासहून गुरांचे ट्रक यायला लागतात. एल्डन नऊ वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या मागे ओलं पोतं घेऊन आगीच्या कडेनं धावत आला होता. आता चौऱ्याहत्तरचा होता. आसपासच्या तीन काउंट्यांत सगळे म्हणत की एल्डन स्ट्रोमचा जाळ मालकाचं ऐकतो, त्याला थांब म्हटलं की थांबतो.

नवरा गेल्यावर ओपल भावाकडे राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली होती. वरच्या चार खोल्यांत पाहुणे ठेवायची कल्पना तिचीच. शहरातली माणसं यायची, पहाटे प्रेअरी रानकोंबड्यांचा विणीचा नाच बघायची, माळावर भटकायची, आणि वसंतात त्यांच्या हातात काडी देऊन त्यांना गवत पेटवू द्यायचं. त्यासाठी तर शहरातून चारचार तास गाडी चालवत येणारे होते. पुरुषभर उंचीचं गवत बघायला मिळावं म्हणून ओपलनं शाळेच्या माळात तीन वर्षं गुरं सोडू दिली नव्हती आणि तो जाळूही दिला नव्हता. शेजारचा डुआन रेझॅक त्यावरून तिला टोचायचा.

"बंदुकीची दारू साठवावी तसं गवत साठवतेस तू," तो म्हणायचा.

"तुझं कुरण न्हाव्यानं भादरल्यासारखं," ती म्हणायची. "ते बघायला कोण येणार?"

एल्डनचं काहीतरी बिनसलंय हे तिला जानेवारीतच कळलं होतं. बर्फात गुरांना चारा घालायला गेला आणि भरलेला ट्रक घेऊन तसाच परत आला. विचारलं तर म्हणाला, घातला की. आणि बाहेर गुरं हंबरत होती. एकदा डुआनला त्यानं डुआनच्या मेलेल्या बापाच्या नावानं हाक मारली. डुआनला वाटलं चेष्टाच करतोय. ओपलनं त्याला तसंच वाटू दिलं. एल्डनची चौकशी करायला भाच्याचा फोन आला की म्हणायची, ठणठणीत आहे. तिनं दुसरंच तंत्र काढलं होतं. दिवसभराची कामं चिठ्ठीवर लिहायची आणि सकाळी त्याच्या शर्टाच्या खिशात घालायची. एल्डनही चिठ्ठी खिशात ठेवू द्यायचा. त्याच्या खिशाचं बटण लावताना दोघंही एकमेकांकडे बघायचे नाहीत.

त्या दिवशीच्या चिठ्ठीत होतं: दुपारी दोन. डुआन पाण्याचा ट्रक घेऊन आल्यावर. आधी उत्तरेची कड.

उत्तरेची कड का, तर वारा दक्षिणेचा होता. वारा जिकडे वाहतो त्या कडेला आधी जाळ लावायचा. तो वाऱ्याच्या विरुद्ध, रांगत, गुडघाभर उंचीनं मागे सरकतो आणि मागे काळी पट्टी सोडतो. ती पुरेशी रुंद झाली की मगच दुसऱ्या टोकाला काडी टाकायची. तो जाळ वारा पाठीशी घेऊन घोड्यासारखा येतो आणि काळ्या पट्टीला धडकून विझतो. हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं.

न्याहारीला सात पाहुणे होते. ओमाहाचा हॉलिस व्हार्नर आणि त्याची बायको जोआन, कॅन्सस सिटीहून आलेलं एक तरुण जोडपं, दोघी मैत्रिणी, आणि रोझमेरी नावाची काठी घेऊन चालणारी निवृत्त मास्तरीण. हॉलिस पूल बांधणारा इंजिनिअर होता, नुकताच निवृत्त झालेला. उंच, उत्साही, दर दोन घासांना एक प्रश्न विचारणारा.

"पुलवाले काय तुम्ही?" एल्डन त्याला म्हणाला. "मग पहिली काडी तुमची. जन्मभर बांधलंत, आता थोडं जाळून बघा."

सगळे हसले. हसण्याच्या भरात एल्डनचा हात लागून पॅनकेकवरच्या पाकाचं भांडं त्याच्या अंगावर कलंडलं. तो वर जाऊन शर्ट बदलून आला. निळ्याच्या जागी करड्या चौकड्यांचा. ओपलनं ते पाहिलं, पण त्याच वेळी रोझमेरी वाट सपाट आहे का, असं काहीतरी विचारत होती.

दहा वाजता ती पाहुण्यांना घेऊन निघाली. बेत साधा होता. शाळेच्या माळातून मधोमध मोकळी केलेली पायवाट आहे, तिनं पडक्या शाळेपर्यंत जायचं, बारापर्यंत परतायचं, जेवायचं, आणि दोनला उत्तरेच्या रस्त्यावर उभं राहून जाळ बघायचा.

माळात शिरल्यावर बोलणं आपोआप कमी झालं. दोन्ही बाजूंनी गेल्या साली वाळलेलं ब्लूस्टेम गवत डोक्याच्या वर उभं होतं, तांबूस, कडक. वाऱ्यानं त्याची पाती एकमेकांवर घासत होती आणि आवाज सगळीकडून येत होता. कुणी चार पावलं बाजूला गेलं तरी दिसेनासं होत होतं. तरुण जोडप्यातल्या मुलीनं ते करून पाहिलं आणि लगेच वाटेवर परत आली.

"आत गेल्यावर दिशाच कळत नाही हो," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

रोझमेरीमुळे सगळे सावकाश चालले होते. हॉलिसचे पाय मात्र शिवशिवत होते.

"मी पुढे होऊ का?" त्यानं ओपलला विचारलं. "ऊन बदलायच्या आत शाळेचे फोटो घेतो. पायवाट सोडणार नाही."

सगळ्यांनी तिच्या मागे राहायचं, असा ओपलचा नियम होता. पण सरळ वाट होती आणि माणूस शहाणा होता. "जा," ती म्हणाली. "आत मात्र जाऊ नका. भिंतींच्या आत देवदारं माजलीत."

जोआन म्हणाली, "लग्नाला अडतीस वर्षं झाली. हे असेच अर्धा मैल पुढे असतात."

अकरा वाजून गेल्यावर वाऱ्याचा जोर वाढला. ओपलला धुराचा वास आला, पण एप्रिलमध्ये धुराचा वास येतोच. क्षितिजावर चार-पाच ठिकाणी पांढरे खांब उभे होतेच सकाळपासून. मग एक हरणी गवतातून बाहेर आली, माणसं दिसत असूनही बुजली नाही, रोझमेरीच्या काठीपासून हाताभर अंतरावरून गेली आणि उत्तरेला निघून गेली. तिच्यामागे आणखी दोन. मग छोटी पाखरं, गवताला चिकटून उडणारी, सगळी एकाच दिशेनं.

"किती छान," मैत्रिणींपैकी एक म्हणाली.

ओपल वळली. वाट तिथं जराशी चढाची होती, त्यामुळे मागचं दिसत होतं. दक्षिणेच्या कडेला, कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, धूर उठला होता. तो खांबासारखा सरळ नव्हता. पिवळट करडा, जमिनीला टेकून, त्यांच्याकडे झुकलेला.

तिनं कमरेचा वॉकीटॉकी काढला. "एल्डन, मी ओपल. दक्षिणेला धूर कुणाचा?"

थोडी खरखर झाली. "आपलाच," एल्डनचा आवाज आला, अगदी खुशीत. "झकास धरलंय."

"आम्ही आत आहोत. शाळेच्या माळात. पाहुणे आहेत माझ्याबरोबर."

"मग उत्तरेला जा त्यांना घेऊन. उत्तर काळी आहे. सकाळीच जाळली ना आपण."

ओपलनं उत्तरेकडे पाहिलं. शाळेच्या पलीकडच्या रस्त्यापर्यंत सगळं तांबूस, उभं, हलत होतं. एक पातंही काळं नव्हतं.

"डुआन आला का?" तिनं विचारलं. आपला आवाज इतका शांत कसा, याचं तिला नवल वाटलं.

"डुआन कशाला? बाबा बघताहेत ना त्या बाजूला."

त्यांचे वडील जाऊन एकतीस वर्षं झाली होती.

निळ्या शर्टाचा खिसा तिच्या डोळ्यांसमोर आला. कपड्यांच्या ढिगात पडलेला, बटण लावलेला. तिनं वॉकीटॉकी कमरेला लावला. आता त्या आवाजाचा काही उपयोग नव्हता.

रस्त्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं. अर्ध्या मैलाच्या वर वाट, आणि रोझमेरी. पश्चिमेला ओढा होता, पण ओढ्यात देवदारांची रांग, ती फटाक्यांसारखी पेटते. पूर्वेला चढ, आणि जाळ चढावर दुप्पट पळतो. जवळ पाणी नव्हतं. तिच्या खिशात पाहुण्यांसाठी घेतलेली काड्यापेटी होती.

वडिलांनी हे एकदाच सांगितलं होतं, तेही तिला नाही, एल्डनला, आणि ती जवळ उभी होती. सापडलास तर पळू नकोस. पुढचं गवत तूच जाळ आणि त्या काळ्यात जाऊन झोप. जळलेलं पुन्हा जळत नाही.

"सगळे माझ्याजवळ या," ती म्हणाली. "नीट ऐका. मागून आग येतेय. मी पुढे दुसरी लावणार. ती पळाली की आपण तिच्या मागे, राखेत जायचं. गरम असेल. तोंड झाकून पालथं पडायचं. कुणीही पळायचं नाही."

तरुण मुलगा म्हणाला, "आगीत जायचं?"

"आग गेलेल्या जागेत."

"आणि हॉलिस?" जोआननं विचारलं.

ओपलनं काड्यापेटीवरचा हात थांबवला. हॉलिस उत्तरेलाच होता. ती लावेल तो जाळ सरळ त्याच्याकडे जाणार होता.

शाळा तिथून चारशे पावलांवर असेल. गवतावरून भिंतीचा वरचा भाग दिसत होता आणि पायरीवर उभा असलेला हॉलिस. त्यानं धूर पाहिला होता. ओपलनं दोन्ही हात वर करून त्याला बोलावलं, घसा फाटेस्तोवर हाक मारली. आवाज त्याच्यापर्यंत गेला असणार, वारा तिकडेच वाहत होता. "इकडे या. हॉलिस, इकडे." जोआनही ओरडत होती.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं एक हात वर केला, कळलं म्हणावं तसा, आणि वळून दगडी भिंतींच्या आत गेला.

"दगड जळत नाही ना?" जोआन म्हणाली. "ते तिथं बरे आहेत ना? सांगा ना."

ओपलला त्या भिंतींच्या आतली देवदारं माहीत होती. बारा-पंधरा फुटांची, तेलकट. ती पुन्हा ओरडली. हॉलिस बाहेर आला नाही. मागून आता आवाज यायला लागला होता. लांब कुठेतरी मालगाडी चालली असावी तसा, पण न थांबता वाढणारा. जळकी पाती डोक्यावरून जाऊन पुढे पडत होती. ऊन तपकिरी झालं. रोझमेरीनं काठी टाकली आणि ओपलचा दंड धरला.

"मी चाळीस वर्षं पोरांना रांगेत उभं केलंय," ती हळू म्हणाली. "मोजून घ्या. इथे सहा आहेत."

ओपलनं किती वेळ वाट पाहिली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. एक मिनिट असेल. जोआन म्हणत होती, थांबा, येतील ते, थांबा. मग मागच्या चढावर ज्वाळा दिसल्या, गवताच्या दुप्पट उंच, आणि ओपलनं काडी ओढून पायवाटेच्या उत्तरेच्या गवताला लावली. एक इथे, एक दहा पावलांवर, एक आणखी पुढे.

गवत वाटच बघत होतं जणू. धग तोंडावर आली आणि लगेच पाठ फिरवून पळाली. शाळेच्या दिशेनं. पायवाटेच्या कडेला रेंगाळणारी जीभ ओपलनं बुटानं तुडवली आणि एकेकाला पुढे ढकललं. जोआन हलत नव्हती. तिला दोघी मैत्रिणींनी ओढून नेलं. राखेतून बुटांचे तळवे भाजत होते. वीस पावलं, तीस, चाळीस. "खाली," ओपल म्हणाली, आणि सगळे पालथे पडले. तिनं जोआनच्या अंगावर स्वतःला टाकलं, तिनं उठू नये म्हणून.

एल्डनचा जाळ पायवाटेपर्यंत आला. काही क्षण हवाच उरली नाही. कानात फक्त तो आवाज. मग दोन्ही बाजूंनी तो फाटला, पुढे गेला, आणि थंड वाटावा असा वारा अंगावर आला.

ओपलनं मान वर केली. काळी जमीन, धूर, मधूनमधून पांढरे दगड. सहाही जण हलत होते. शाळेच्या भिंतींच्या आत देवदारं पेटली होती आणि तिथला धूर काळा होता.

डुआन उत्तरेच्या रस्त्यावरून पाण्याचा ट्रक आत घालत आला. धूर पाहून तो जेवण टाकून निघाला होता. हॉलिस त्याला शाळेच्या उत्तरेच्या भिंतीबाहेर सापडला. शुद्धीवर होता. डुआननं नंतर सांगितलं की त्यानं एकच विचारलं, बाकीचे कुठे आहेत. हेलिकॉप्टरनं त्याला विचिटाला नेलं. तिसऱ्या दिवशी इस्पितळात तो गेला.

आग लागली त्याच दुपारी काउंटीचा आग-अधिकारी स्ट्रोमांच्या स्वयंपाकघरात बसला होता. त्याच्या वडिलांनी आणि एल्डननं मिळून कुरणं जाळली होती. तो येण्याआधी डुआननं ओपलला मागच्या दारी गाठलं.

"वारा फिरला म्हण," तो म्हणाला. "एप्रिलमध्ये वारा फिरतो. कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही."

"फिरला नाही."

"मला माहीत आहे गं. पण एल्डनचं काय होईल? तुझं काय होईल? इथं सगळे तुझ्याच बाजूनं आहेत."

ती आत गेली. अधिकाऱ्यानं कागद उघडला आणि तिच्या सोयीचंच विचारलं. "वारा किती वाजता बदलला?"

"बदलला नाही," ओपल म्हणाली. "एल्डनला आठवत नाही. जानेवारीपासून आठवत नाही. मला माहीत होतं आणि मी कुणाला सांगितलं नाही. मी चिठ्ठ्या लिहून द्यायची. दक्षिणेचा जाळ त्यानं लावला. शाळेकडचा मी लावला. हॉलिस तिथे आहे हे बघून लावला."

अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.  मग अधिकारी म्हणाला, "पुन्हा एकदा सांग, ओपल. सावकाश. सुरुवातीपासून." तिनं सांगितलं. काउंटीच्या ऑफिसातल्या बाईच्या फोनपासून. स्वतःच्या हसण्यापासून.

जोआन नवऱ्याचं सामान न्यायला मुलाबरोबर आली, तेव्हा आगीला आठवडा झाला होता. मुलगा गाडीतच बसून राहिला. त्यानं ओपलकडे पाहिलं नाही. जोआन वरच्या खोलीत गेली, बॅग घेऊन खाली आली आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबली.

"त्यांनी हात वर केला," ती म्हणाली. "तो कशासाठी? तुम्हाला काय वाटतं?"

ओपलनं त्यावर रोज विचार केला होता. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

"तुम्ही थोडं आणखी थांबला असतात तर?"

"तर आपण कुणीच उरलो नसतो. पण त्याआधी, सकाळीच, मी त्यांना पुढे जाऊ द्यायला नको होतं. आणि एल्डनच्या हातात जाळ लावायची मशाल द्यायला नको होती."

जोआननं मान डोलावली. ते क्षमेचं होतं की नुसतं ऐकलं म्हणून, हे ओपलला कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती दारात उभी होती.

भाचा येऊन कागदपत्रं बघून गेला होता. मेमध्ये एल्डनला एम्पोरियाच्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं, जिथे दाराला कुलूप असतं आणि बाग आतल्या बाजूला असते. गाड्यांच्या किल्ल्या, मशाल, पेट्रोलचे डबे डुआन घेऊन गेला होता. वरच्या खोल्या बंद होत्या. व्हार्नरांच्या वकिलाचं पत्र यायचं होतं, ते येणार हे ओपलला ठाऊक होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस एल्डन तिला म्हणाला, चल, माळ बघून येऊ. ती नको म्हणाली. तो एकटाच निघाला, म्हणून ती मागे गेली. कुंपणापाशी दोघं उभे राहिले. राखेतून नवं गवत बोटभर वर आलं होतं. कुंपणापासून शाळेच्या काळ्या भिंतींपर्यंत इतकं हिरवं की डोळ्यांना सोसेना.

एल्डननं तारेवर दोन्ही हात टेकवले. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा निवांत दिसत होता.

"काय सुरेख जळलंय यंदा," तो म्हणाला. "कुणी जाळलं?"

ओपलनं त्याचा हात तारेवरून सोडवला आणि स्वतःच्या हातात घेतला.

"आपण," ती म्हणाली, आणि त्याला घराकडे वळवलं.